स्कॉटलंडचा किल्ला, टूवूंब्याची माती

ये गं, अशी जवळ सरक. तो फोन आधी बाजूला ठेव. वेरिबीहून तू फोन करतेस तो नेहमी डिशवॉशर लावता लावता. "हं मावशी, बोल, ऐकतेय मी," म्हणतेस आणि मागे ताटल्यांचा खणखणाट. मी माझ्या शेजारणीचं सांगायला घेतलं की नेमकी तुला मीटिंग आठवते. टूवूंब्याला ये म्हटलं तर म्हणे, ब्रिस्बेनला उतरायचं, पुढे गाडीनं डोंगर चढायचा, वेळ कुठे आहे! सख्ख्या मावशीला असं सांगतात का गं? म्हणून म्हटलं, आता लिहूनच काढू. लिहिलेलं माणूस निदान एका जागी बसून वाचतं. माझी शाळा सातवीत सुटली, पुढचं सगळं हाती लागेल ते वाचून, भेळेच्या कागदासकट. त्यामुळे बोलते तशीच लिहिणार. चुका काढायच्या तर मागाहून काढ.

आमचं घर डोंगराच्या कडेजवळ आहे. थंडीत सकाळी खालच्या दरीतून धुकं वर येतं, आणि कुंपण, पोस्टाची पेटी, समोरची जॅकरंडाची झाडं एकेक करून पुसून टाकतं. माझा लेक, तुझा दादा, हॉस्पिटलच्या कॉम्प्युटरवर कामाला जातो, सूनबाईंची शिफ्ट. दोघं दोन गाड्या घेऊन गेली की मी आणि ते धुकं. बस क्वचित दिसते. मला गाडी येत नाही. सुरुवातीला वाटायचं, अंगणात मला कुणीतरी कुंडीसारखं आणून ठेवलंय.

एकदा मी काय केलं, जाड ब्लँकेटं मशीनमध्ये मावेनात, म्हणून परसात प्लास्टिकचा टब ठेवला, साबणाचं पाणी केलं, साडी वर खोचली आणि पायांनी तुडवायला लागले. गोधड्या धुतो तशी. दादानं बघितलं असतं तर "आई, लोक काय म्हणतील," असं झालं असतं. तेवढ्यात कुंपणावरून एक पांढरं डोकं वर आलं. शेजारच्या घरातली बाई. माझ्यापेक्षा दहाएक वर्षांनी मोठी, उंच, काठीसारखी सरळ. मी थिजलेच. तिनं नुसतं बघितलं, बोट वर करून "थांब" अशी खूण केली आणि गेली. मी म्हटलं, झालं, आता काउन्सिलच्या ऑफिसात तक्रार करणार.

ती परत आली ती एक जुना फोटो घेऊन. तपकिरी पडलेला, पुठ्ठ्यावर डकवलेला. त्यात दोन बायका, घागरे गुडघ्याच्या वर खोचलेले, एकमेकींच्या खांद्यावर हात टाकून लाकडी टबात उभ्या. ब्लँकेटं तुडवताहेत. मागे एक नदी, आणि नदीपलीकडे पडका किल्ला.

"स्कॉटलंड," ती म्हणाली. "माझ्या आईचा देश. पण तू एकटीच का तुडवतेस? हे दोघींचं काम आहे, लव्ह."

आणि चपला काढून आली की गं आत! त्या वयात!

आमची मैत्री अशी पायांनी सुरू झाली. तिचं इंग्रजी मला समजतं, माझं तिला समजतं. दादाला मात्र आम्हा दोघींचंही समजत नाही. "तुम्ही नक्की कुठल्या भाषेत बोलता?" विचारतो. मी म्हणते, "तुला काय करायचंय?"

मग तिच्या घरी माझ्या दुपारी जायला लागल्या. तिचं घर म्हणजे, कसं सांगू, बुटांचे खोके, बिस्किटांचे डबे, जुन्या सुटकेसी, आणि सगळ्यांत फोटो. नुसते फोटो आणि जुनी पोस्टकार्डं. स्कॉटलंडचे किल्ले, किल्ल्याखालची गावं, बंदरं, बाजाराचे चौक. माणसं हात धुऊन देवघरात जातात तसं आम्ही हात धुऊन, कोरडे करून टेबलाशी बसायचो. फोटो कडेनं धरायचा, बोट वर टेकवायचं नाही, आणि कुठलाही फोटो घराबाहेर न्यायचा नाही. तिचा कायदा. उन्हानं फोटो फिके पडतात, म्हणून इथल्या उन्हाला ती पोरं खाणारी चेटकीण म्हणायची.

तिनं मला फोटो बघायला शिकवलं. मला वाटायचं, फोटो बघायचा म्हणजे काय, डोळे उघडे ठेवायचे. तसं नसतं. एका गावाच्या रस्त्याचा फोटो होता, भर दुपारचा, एकही माणूस नाही. मी म्हटलं, बिचारं ओसाड गाव. ती हसली. म्हणाली, "गजबजलेलं असेल. पण तेव्हाच्या कॅमेऱ्याला खूप वेळ लागायचा. जे थांबले ते उमटले. जे चालत राहिले ते विरून गेले." मग भिंगातून नीट दाखवलं. कोपऱ्यावर एक धुरकट रेघ, ती एक बाई असणार. एका कुत्र्याला दोन तोंडं, कारण त्यानं मान वळवली. आणि दारात बसलेला एक म्हातारा, स्वच्छ, दाढीचा केस न् केस. तो एकटाच त्या दुपारी कुठे निघालेला नव्हता.

त्या दिवशी घरी येताना रस्त्यावर कुणी नव्हतं आणि मला वाटलं, सगळे असतील इथेच, मला दिसत नाहीत एवढंच.

अशा कितीतरी गोष्टी. काचेवरचे फोटो कधीकधी उलटे कसे छापले जायचे, तेही. एका बंदराच्या गावात बायका नवऱ्यांना पाठुंगळी घेऊन पाण्यातून होडीपर्यंत पोचवायच्या. का, तर दिवसभर समुद्रात त्यांचे पाय ओले राहू नयेत. आणि स्वतः भिजून घरी. मी म्हटलं, "आमच्याकडे निदान उचलून न्यावं लागत नव्हतं, नुसता डबा द्यावा लागायचा." ती टेबलावर हात आपटून हसली. किल्ल्यांचं तर मला नवलच वाटलं नाही. किल्ला पडला की गावकरी त्याचे दगड नेणार आणि घरं बांधणार. तिकडे तसंच. तिच्या फोटोतल्या साध्या साध्या घरांच्या दारावर मध्येच एखादा कोरीव दगड दिसायचा, सिंहाचं अर्धं तोंड असलेला. मी साताऱ्याची. आमच्या स्वयंपाकघराच्या दारातून अजिंक्यतारा दिसायचा. सकाळी चुलीचा धूर वर जायचा आणि किल्ला त्यात हलल्यासारखा व्हायचा. हे मी तिला सांगितलं, तर तिनं एकदम माझा हात धरला.

"माझी आई हेच म्हणायची," ती म्हणाली. "आमच्या घराच्या वर किल्ला होता. एवढंच सांगायची."

आणि मग तिनं हँडबॅगेतून रुमालात गुंडाळलेला तो फोटो काढला. तो एकच फोटो तिच्याबरोबर घराबाहेर जायचा. त्याला कायदा लागू नव्हता.

पत्त्याएवढा फोटो. एका दगडी घराच्या पायरीवर एक लहान मुलगी उभी. पायांत बूट नाहीत, फ्रॉक कुणा मोठ्या मुलीचा असावा, बाह्या दुमडलेल्या. कॅमेऱ्याकडे अशी बघतेय जशी तिला कुणी सांगितलंय, हललीस तर विरून जाशील. घराला भिंतीबाहेरून वर जाणारा दगडी जिना. छपराच्या मागे टेकडी, आणि टेकडीवर किल्ला. उजव्या हाताला उंच बुरूज, डावीकडे ढासळलेली भिंत, भिंतीत दाताच्या खिंडारासारखी मोठी फट. मागे काही लिहिलेलं नाही.

ती मुलगी म्हणजे तिची आई. लग्न होऊन बोटीनं इकडे आली, आणि माझी शेजारीण शाळेत जायच्या आधीच ती वारली. गावाचं नाव कुणी विचारून ठेवलं नाही. वडील म्हणायचे, "उत्तरेकडचं कुठलंतरी." बस. तिला आईचं ते एक वाक्य आठवायचं, आवाज आठवत नव्हता, हात आठवत नव्हते. ते दार मिळालं, तर आई कुठल्यातरी एका जागी उभी राहील, असं तिला वाटायचं. नाहीतर ती नुसती कागदावर उभी. म्हणून सगळा जन्म तिनं किल्ले गोळा केले. कुणी स्कॉटलंडला जाणार असलं की सांगायची, किल्ल्याचं जुनं चित्र आण. आलं की आईच्या फोटोशेजारी ठेवायची. उजवीकडे बुरूज, डावीकडे फट. जुळलं नाही की खोक्यात. घरातले सगळे खोके म्हणजे न जुळलेले किल्ले, कळलं का? मी आपली कौतुकानं बघत होते, आणि ते सगळे तिचे नकार होते.

आणि वेळ संपत आली होती. गुडघा, चक्कर, एकदा न्हाणीघरात पडली. तिची मुलगी ॲडलेडला असते, तिनं ठरवलं की आई आता एज्ड केअरमध्ये, म्हणजे वृद्धाश्रमात. चांगली जागा बघितली, इथेच टूवूंब्यात. पण तिथे एक खोली. दिवाळी झाली की मुलगी येणार, घर रिकामं करणार, आणि खोके कुणा जुने फोटो जमवणाऱ्या मंडळींना देऊन टाकणार. मुलीचं काही चुकत नव्हतं. पण खोके गेले की शोध संपला. शेजारीण रोज दुपारी एकेक फोटो पुन्हा काढून आईच्या शेजारी ठेवून बघायची. जो शंभरदा बघितलाय तोही. आपण हरवलेली किल्ली त्याच त्याच खणात परत परत शोधतो ना, तशी.

मला वाटलं, हिचं मन कशाततरी गुंतवावं. मी म्हटलं, "यंदा दिवाळीत किल्ला करायचा. तुमचा."

"माझा?"

मग तिला समजावलं, आमच्याकडे दिवाळीला मुलं अंगणात मातीचा किल्ला करतात. दगड रचायचे, वर गोणपाट, त्यावर चिखल, बुरूज, दरवाजा, पायऱ्या. वर अळीव पेरायचे, चार दिवसांत हिरवंगार रान. मावळे मांडायचे, आणि सगळ्यांत वर महाराज. ती लहान मुलीसारखी ऐकत होती. मग खोक्यांत हात घालून तिनं मला एक मोठा फोटो काढून दिला. किल्ला, खाली गाव, आणि बुरुजाच्या पायथ्याशी एक गाय चरतेय.

"हा घे. हा मला नेहमी आवडायचा. बिचारा थोडक्यात हुकला."

बुरूज डावीकडे होता ना, म्हणून हुकला.

दादाला सांगितलं तर तो कपाळाला हात लावून. "आई, अगं गुडघे!"

"गुडघे माझे, माती क्वीन्सलंडची. तुझं काय जातंय?"

"शेजारी हसतील."

"शेजारीच माती कालवणार आहेत."

आता किल्ला करायचा तर तो त्या किल्ल्यासारखा दिसायला हवा, नाहीतर शेजारणीला काय वाटेल? पण फोटो बाहेर न्यायचा नाही. मी म्हटलं, सोपं आहे. रांगोळीचा कागद करते. तुझ्या आईला विचार, आम्ही दोघी बहिणी दिवाळीच्या आधी बसायचो कागदाला भोकं पाडत. नक्षी काढायची, पेटत्या उदबत्तीनं रेघेवर टिपके टिपके जाळत जायचं, मग कागद जमिनीवर ठेवून वरून रांगोळी फिरवली की खाली चित्र. इथे एवढा मोठा कागद कुठला मिळायला? स्वयंपाकघरातला बेकिंग पेपरचा रोल घेतला, तीन पट्ट्या चिकटपट्टीनं जोडल्या, चौकटी पाडल्या आणि फोटोवरून बघून बघून किल्ल्याची बाह्यरेषा मोठी करून काढली. बुरूज, फट, टेकडीचा उतार, खालच्या घरांची छपरं. मग तिच्याच टेबलाशी बसून उदबत्तीनं भोकं पाडली. ती शेजारी बसून धुराचा वास घेत होती. म्हणाली, "तू माझा किल्ला जाळतेस आणि मला झोप येतेय."

फोटो तिच्या घरी खोक्यात गेला, कागद मी घरी आणला. आमच्या परसातलं कुंपण पत्र्याचं, गडद रंगाचं. त्याला टेकून किल्ला करायचा होता. पत्रा ओल्या फडक्यानं पुसला, कागद चिकटवला, पांढऱ्या रांगोळीची पुरचुंडी केली आणि आपटत गेले. कागद काढला तर पत्र्यावर टिपक्याटिपक्यांचा किल्ला. अगदी धुक्यातून वर आल्यासारखा. मी एकटीच उभी राहून बघत बसले.

मग दोन दिवस चिखल. इथली माती लाल, पाचगणीच्या रस्त्याला असते तशी. हातावरून रंग जात नाही, पण आकार धरून ठेवते. पहिल्या दिवशी शेजारीण आली, बादलीवर बसून तिनं गोळे करून दिले. पण तेव्हा नुसती टेकडी होती, दगड आणि गोणपाट. दुसऱ्या दिवशी तिला बरं नव्हतं. मी एकटीनं रेघेला रेघ लावून बुरूज उभा केला, भिंत घातली, फट सोडली, खाली काड्यापेट्यांची घरं केली. अळीव नव्हते, म्हणून मोहरी पेरली. महाराज मात्र आपलेच, साताऱ्याहून आणलेले. विमानतळावर त्या तपासणीवाल्या मुलीनं विचारलं होतं, "यात माती आहे का?" मी म्हटलं, "महाराज मातीचेच आहेत." तिनं चारही बाजूंनी बघून हसत परत दिले.

लक्ष्मीपूजनाच्या दिवशी दुपारी शेजारीण आली. ठेवणीतला निळा फ्रॉक, हातात घरी केलेली बिस्किटं. दादा घरीच होता, त्यानं तिला खुर्ची आणून दिली, अगदी किल्ल्यासमोर. जॅकरंडाची फुलं टपटप पडत होती, काही किल्ल्यावरच पडली, जांभळा पाऊस पडल्यासारखी. ती बसली, चष्मा लावला, बघितलं. आणि खो खो हसायला लागली.

"अगं, तू तो उलटा केलास! डावं ते उजवं! बुरूज त्या बाजूला हवा!"

मी बघितलं. खरंच की. कागद उलटा लागला होता. आणि सांगते, ती चूक साताऱ्यात झालीच नसती. तिकडे आम्ही वर्तमानपत्राचा कागद घ्यायचो. अक्षरं सुलटी दिसली की कागद सुलटा, इतकं सोपं. या बेकिंग पेपरला मेल्याला ना अक्षर, ना सुलटं, ना उलटं. मी इतकी खट्टू झाले. दादा तर म्हणाला, "आई, पाडून परत करायचा का?" तोच म्हणाला हं, गुडघे गुडघे करणारा.

"हात लावू नका," शेजारीण म्हणाली.

तिचं हसू थांबलं होतं. ती पुढे वाकली. मग तिनं हँडबॅग उघडली, रुमाल सोडला आणि तो पत्त्याएवढा फोटो हात लांब करून किल्ल्यासमोर धरला. उजवीकडे बुरूज. डावीकडे भिंत, भिंतीत फट. टेकडीचा उतार तसाच, आधी हळू आणि मग एकदम खाली. माझ्या चिखलाच्या किल्ल्याखाली तिची आई पायरीवर उभी होती.

आतल्या खोलीत सूनबाईंनी लावलेली सनई ऐकू येत होती.

"काच," ती हळूच म्हणाली. "काचेचा फोटो असायचा आधी. काच उलटी ठेवून छापला की माणूस उलटा." मग माझ्याकडे वळून म्हणाली, "हे मी तुला शिकवलं होतं, नाही का? मीच शिकवलं होतं. आणि माझ्या आईला कधी फिरवून बघितलं नाही."

काय सांगू तुला, मला तेव्हा रडू आलं आणि ती मात्र रडली नाही. ती उठली. काठी विसरली. दादानं एका बाजूनं धरलं, मी एका बाजूनं, आणि आम्ही तसेच तिच्या घरी गेलो. तिच्या कपाटाला जुना आरसा आहे. तिनं आईचा फोटो आरशासमोर धरला. आरशात किल्ला सुलटा झाला, आणि जिना भिंतीच्या दुसऱ्या बाजूला गेला, आणि ती मुलगी पहिल्यांदा दुसऱ्या बाजूनं आमच्याकडे बघायला लागली. तोच चेहरा गं, पण वेगळाच. केसांचा भांग दुसरीकडे. शेजारीण म्हणाली, "अगं, ही तर माझ्या मुलीसारखी दिसते."

मग हात धुतले. कायदा तो कायदा. तिनं गायीचा फोटो होता तो खोका मागितला. त्या गावाची आणखी पोस्टकार्डं त्यात होती, सगळी न जुळलेली म्हणून बाजूला टाकलेली. चर्च, पूल, बाजार. आणि किल्ल्याखालच्या गल्लीचं एक. ओळीनं दगडी घरं, वर किल्ला. मी भिंग धरलं, ती एकेक घर मोजत गेली. शेवटून दुसरं घर. बाहेरून वर जाणारा जिना, खाली दार, दाराला ती पायरी, एका कोपऱ्यात झिजलेली. आरशात बघ, पोस्टकार्डात बघ, परत आरशात बघ. पायरीचा झिजलेला कोपरा तोच. दादानं फोनवर दोन्ही फोटो काढून एक उलटा केला आणि एकावर एक ठेवला. दार दारावर बसलं.

गल्ली रिकामी होती. तिनं मला शिकवलंच होतं की रिकाम्या रस्त्यावर काय असतं. तरी ती भिंगातून कितीतरी वेळ त्या दारासमोरची जागा बघत राहिली, एखादी धुरकट रेघ दिसते का म्हणून. मी तिला "दिसतेय" असं म्हटलं नाही. पण दिसत नाही असंही म्हटलं नाही.

गावाचं नाव पोस्टकार्डावर छापलेलंच आहे. मी ते इथे लिहीत नाही, कारण त्यात घशातून खाकरल्यासारखा एक आवाज आहे, तो मला जमत नाही, आणि चुकीचं लिहिलं तर ती मला बोलेल. तिनं मात्र ते नाव त्या संध्याकाळी मोठ्यानं म्हटलं. एकदा साधं, एकदा जरा घाईनं, जसं गावातलं माणूस म्हणत असेल तसं. मग पणत्या लागल्यावर आमच्याकडे येऊन बसली, दोन करंज्या खाल्ल्या आणि किल्ल्यावरच्या महाराजांकडे बघून विचारलं, "हे गृहस्थ कोण?"

मी म्हटलं, "किल्ल्याचे मालक."

"कुठल्या किल्ल्याचे?"

"किल्ला म्हटला की यांचाच."

"बरं झालं," ती म्हणाली. "कुणीतरी चांगला माणूस तिच्या घराच्या वर राहतोय."

मुलगी ॲडलेडहून आली. तिला दोन्ही फोटो दाखवले, तिनं आईला मिठी मारली आणि खोके उचलायचं काम एक दिवस पुढे ढकललं. मग गेले ते सगळे. त्या गावाचा खोका मात्र ठेवला. त्या गावात जुने फोटो जमवणारे कुणी आहेत, त्यांना मुलीनं पायरीवरच्या मुलीचा फोटो सुलटा करून पाठवला. त्यांचं उत्तर आलं, घर अजून आहे, दार बदललंय, पायरी तीच आहे. हे मी शेजारणीला वाचून दाखवलं तेव्हा तिनं "पायरी तीच आहे" एवढं परत वाचायला लावलं.

आता ती एज्ड केअरच्या खोलीत असते. दादा मला शनिवारी गाडीनं नेतो. भिंतीवर तिनं आईचा फोटो दोन्ही बाजूंनी लावलाय, एक उलटा, एक सुलटा, जणू दोघी बहिणी. मध्ये गल्लीचं पोस्टकार्ड. कुणीही आलं, नर्स असो, सफाईवाली असो, की ती सांगायला लागते. आणि सांगताना हल्ली ती गावात शिरते. पूल ओलांडते, डावीकडे वळते, चढ चढते. परवा म्हणाली, त्या चढावर पाय घसरतो, दगड ओले असतात. मी म्हटलं, "तुम्ही कधी गेलात?" तर नुसती हसली. मला वाटतं, जाते ती. दुपारी उशी नीट करून डोळे मिटते ना, तेव्हा जाते. आणि आता तिथे तिला ओळखणारं कुणीतरी दारात उभं असतं.

डॉक्टर म्हणतात, विसरणं वाढेल. नर्सची नावं गेली, माझंही मधूनमधून जातं. गल्ली अजून जात नाही. शेवटून दुसरं घर. पण तिला रोज नवा माणूस लागतो सांगायला, ज्याला अजून माहीत नाही, जो विचारेल, "मग? मग काय झालं?" मला सगळं पाठ झालंय, माझ्या तोंडावर ते दिसतं, ती म्हणते, "तू ऐकत नाहीयेस, लव्ह." तुला तर काहीच माहीत नाही असं दाखवता येईल. हे वाचलंयस हे सांगू नकोस हं तिला. हात धुऊन बस, फोटो कडेनं धर, आणि घाई करू नकोस.

तर सुट्टी टाक. ब्रिस्बेनला उतर, दादा घ्यायला येईल, मीही गाडीत असेन. थंडी पडायच्या आत ये. पुढच्या महिन्यात जमतंय का बघ. नाही, बघू नकोस, ये.